मी पडले, की मी पडलो?

१९७८ साली मला कावीळ झाली आणि त्या निमित्ताने भूमितीची गोडी लागली.

मी कोल्हापूरहून मुंबईला शिकायला आलो होतो आणि हिंदू कॉलनीत आत्याकडे राहत होतो. आत्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिच्या पेपराला मुली जेवढ्या घाबरत, तेवढा मी काविळीलाही घाबरलो नव्हतो. उसाचा रस, लाह्या, मुगाचं पाणी आणि सक्तीची विश्रांती, असा तीन आठवड्यांचा हुकूम होता. पहिल्या आठवड्यात मी वर्तमानपत्रं निविदासूचनांसकट वाचून संपवली. दुसऱ्या आठवड्यात समोरच्या इमारतीच्या खिडक्यांचे गज मोजले. घरात पुस्तकांचं एक अख्खं कपाट होतं, पण तिथे आशेला जागा नव्हती. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, कव्हरावर पांढरी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर आत्याचं गोल, ठाशीव अक्षर : भूमिती. भूमिती, भाग २. बीजगणित. त्रिकोणमिती. सोळाव्या दिवशी मात्र मी हरलो आणि आपण होऊन भूमिती उचलली.

आत पाऊस पडत होता. इंग्लंडातला बारीक, चिवट पाऊस. घोडागाडीत एक नाजूक, नखरेल तरुणी आणि बाजूने घोड्यावर तिचा शांत, धीमा भाऊ. थोडी पानं पुढे गेल्यावर कळलं की घोड्यावरचा भाऊ ही बहीण आहे आणि गाडीतली बहीण हा भाऊ आहे. पायथागोरसचा कुठे पत्ता नव्हता. खाकी कव्हर एका कोपऱ्यातून हळूच सोलून बघितलं : जॉर्जेट हेयर, 'द मास्करेडर्स'.

संध्याकाळी आत्या शाळेतून आली तेव्हा मी इतका रंगलो होतो की पुस्तक लपवायचंही सुचलं नाही. ती दारातच थांबली. आता कान पिळला जाणार या तयारीने मी उशीत मान खुपसली. आत्याने पर्स खुंटीला लावली आणि विचारलं, "कितवं पान?"

"एकशे वीस."

"मग? त्या ढोल्याला कळलं का अजून?"

"कुठल्या ढोल्याला?"

"अजून नाही कळलं तुला? बरं. वाच तू. मी चहा टाकतो. आणि हे बघ, यांना सांगायचं नाही."

'हे' म्हणजे आतोबा. आतोबा रेल्वेच्या कचेरीत होते. उंचेपुरे, रुंद, सावकाश. जेवण झालं की आरामखुर्चीत तोंडावर पेपर पांघरून पडत, आणि पेपर श्वासाबरोबर वरखाली होई. एकाच भूमितीचे घरात एवढे भाग का, असा प्रश्न या माणसाला कधी पडला असेल असं मला वाटलं नाही. माझ्या आजारपणात ते एकदाच खाटेपाशी थांबले. हातातल्या खाकी पुस्तकाकडे बघून म्हणाले, "काय, भूमिती कशी काय?"

"बरी आहे," मी म्हणालो.

"हं. पुढे सोपी होते," एवढं बोलून ते पेपराखाली गेले.

कपाटाची उकल मला हळूहळू होत गेली. नायिका पुरुषवेषात असेल तर ती भूमिती. एका नायकामागे दोन नायिका किंवा उलट असेल तर त्रिकोणमिती. कुणीतरी आपली ओळख लपवून वावरत असेल, तर तिथे 'क्ष' आहे म्हणून ते बीजगणित. ही सगळी पुस्तकं आत्याने माटुंग्याच्या फुटपाथवरून, घासाघीस करून, रुपया-दीड रुपयाला जमवली होती. गणिताच्या बाईंच्या हातात इंग्रजी प्रेमकथा दिसली तर वर्गातल्या मुली काय म्हणतील, ही चिंता कव्हरांच्या मुळाशी असावी. चिंता रास्त होती. त्या काळी बाईंनी चष्मा बदलला तरी वर्गात चर्चा होत असे.

आता ज्यांना ही भूमिती शिकायला मिळाली नाही त्यांच्यासाठी थोडं मांडतो. 'द मास्करेडर्स' घडते १७४५ च्या जेकोबाइट बंडानंतर. स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवायला निघालेले लोक कलोडनच्या लढाईत मार खाऊन बसलेत, पकडलेल्यांना फाशी होतेय. प्रूडन्स आणि रॉबिन या बहीणभावांचा त्या बंडाशी संबंध आलेला, म्हणून ती कपड्यांची अदलाबदल करून लंडनच्या बड्या समाजात उजळ माथ्याने फिरतात. उंच, संथ प्रूडन्स होते पीटर आणि चणीने लहान, चळवळ्या रॉबिन होतो केट. यांना हा उद्योग लावून देणारा त्यांचा बाप तर इतका बेरकी आहे, की तो पुस्तकात आला की इतर पात्रं आपापली पाकिटं चाचपतात की काय असं वाटतं. आणि आत्याचा तो 'ढोल्या' म्हणजे सर अँथनी फॅनशॉ : आडदांड, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, चालता बोलता झोपलाय की काय असा. भावंडं त्याला आपसांत 'पर्वत' म्हणतात. तो पीटरशी मैत्री करतो, जेवायला बोलावतो. मध्येच पीटरवर द्वंद्वयुद्धाचा प्रसंग येतो, तर हा काही न बोलता आधी स्वतःच त्या प्रतिपक्ष्याशी भांडण उकरून काढतो आणि त्याला लढण्याच्या लायकीचा ठेवत नाही. वाचकाला शंका येते, की हा झोपलेला नाही.

मी पुस्तक संपवलं आणि शेवटच्या पानावर लाल पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं :

"सर अँथनी : ८/१०. ओळखले वेळेत. बोलायला उशीर.
रॉबिनची लेटी : २/१०. आपली जिवलग मैत्रीण कु. केट आणि मुखवट्यातला अनोळखी प्रियकर एकच, हे पुस्तक संपेपर्यंत कळू नये?"

आत्याने अख्ख्या कपाटातले नायक-नायिका तपासून गुण दिले होते. तिची पद्धत ठरलेली होती. ओळखायला किती वेळ लागला याला पाच गुण, ओळखल्यावर किती काळ तोंड मिटून ठेवलं याला तीन, आणि तोंड मिटलेल्या काळात वागणूक कशी होती याला दोन. 'दीज ओल्ड शेड्स' मधला ड्यूक ऑफ एव्हन पॅरिसच्या रस्त्यावर लिऑन नावाचा लाल केसांचा पोर विकत घेतो आणि तो पोर म्हणजे लिओनी नावाची पोरगी आहे हे त्याला जवळजवळ पहिल्यापासून ठाऊक असतं. आत्याचा शेरा : "ओळखण्यात पैकीच्या पैकी. वयात फार अंतर. ६/१०."

या हेयरबाईंचं चरित्रही वेषांतराच्या नादातलंच आहे. जन्म १९०२, विंबल्डन. भाऊ बोरिस आजारी पडला तर त्याला रिझवायला सतरा वर्षांच्या या मुलीने एक गोष्ट रचली. सरदारपुत्र वाटमाऱ्या होऊन फिरतो अशी. ती १९२१ मध्ये 'द ब्लॅक मॉथ' म्हणून छापून आली. म्हणजे मुळात हे वाङ्मय आजाऱ्याच्या खाटेपाशीच जन्माला आलं. माझ्या काविळीला एवढी थोर परंपरा होती हे तेव्हा ठाऊक असतं, तर मी आणखी आठवडाभर पडून राहिलो असतो. पुढे एक पुस्तक तिने स्टेला मार्टिन या नावाने काढलं. लग्न खाण-अभियंत्याशी झालं आणि 'द मास्करेडर्स' तिने टांगानिकाच्या रानात, हत्तीगवताच्या झोपडीत बसून लिहिली. भोवती सिंह, हाताशी संदर्भग्रंथ नाहीत, आणि बाई लिहितायत लंडनच्या दिवाणखान्यातल्या फितींबद्दल आणि तपकिरीच्या डब्यांबद्दल. पुढे जाणकारांनी चुका शोधल्या, तर त्यांना काय मिळालं? व्हाइट्स नावाचा एक क्लब एक वर्ष आधी उघडला. बस्स. माझ्या पासपोर्टात याहून जास्त चुका आहेत आणि तो झोपडीत बसून लिहिलेला नाही.

मुलाखत तिने आयुष्यात दिली नाही. वाचकांना तिचं लग्नानंतरचं नाव मिसेस रूजिए आहे हे समजलं ते ती १९७४ मध्ये गेल्यावर, मृत्युलेखांतून. ज्या बाईने वेषांतराच्या एवढ्या कथा लिहिल्या, ती जगासमोर शेवटपर्यंत कव्हर घालूनच वावरली.

लोकांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो : असं कुठे होतं का? मुलीने विजार घातली म्हणून तिला मुलगा समजायला माणसं काय दुधखुळी होती?

याला एक उत्तर हॅना स्नेल आहे. ही बाई जेम्स ग्रे या नावाने इंग्लंडच्या नौसैनिकांत भरती झाली, जहाजातून थेट आपल्याकडे आली आणि १७४८ च्या पाँडिचेरीच्या वेढ्यात लढली. जखमी झाली, पण कुणाला पत्ता लागला नाही. १७५० मध्ये परत गेल्यावर तिने स्वतःच सहकाऱ्यांना सांगून टाकलं. तिच्यावर पुस्तक निघालं, ती गणवेष घालून रंगभूमीवर कवायत करून दाखवू लागली, आणि वर तिने पेन्शनही मिळवलं. पहिल्या गोष्टींवर विश्वास बसतो. पेन्शनीची कागदपत्रं मात्र दोन नावांची असताना मंजूर झाली, हे कुणा कादंबरीकाराने लिहिलं असतं तर मी पुस्तक मिटलं असतं.

दुसरं उत्तर कपड्यांत आहे. सतराशे चाळीसच्या सुमाराला श्रीमंत पुरुष काय घालत? पावडर मारलेला टोप, गालाला रंग, चिकटवलेला तीळ, मनगटाला लेसच्या झालरी, टाचांचे बूट. यात स्त्री कुठे संपते आणि पुरुष कुठे सुरू होतो ते सांगणं अवघड. मिशी कुणालाच नाही. तपकीर ओढून न शिंकणं, तलवार बसताना पायात न अडकू देणं आणि विजेच्या वेगाने उत्तर देणं एवढं जमलं की पुरुष तयार. हेच वेषांतर त्या काळच्या पुण्यात करायला गेलं असतं, तर मिशी, शेंडी, संजाब आणि जानवं इथपासून तयारी करावी लागली असती, आणि तरीही शेजारच्या आळीतल्या आजींनी चालीवरून ओळखलं असतं : "ही आमच्या गोदीची धाकटी दिसते."

पण मराठीतली खरी अडचण कपड्यांची नाहीच. ती व्याकरणाची आहे. हे मला 'द कॉरिंथियन' वाचताना कळलं.

'द कॉरिंथियन' १९४० ची. तिचा नायक सर रिचर्ड विंडम, एकोणतीस वर्षांचा, गडगंज, गळपट्टा बांधण्यात लंडनमध्ये एक नंबर. दुसऱ्या दिवशी त्याला एका थंडगार मुलीला मागणी घालायची आहे, कारण दोन्ही घरांनी तसं ठरवलंय. त्या दुःखात तो रात्रभर ढोसून पहाटे झुलत घरी निघालाय, तोच एका घराच्या वरच्या खिडकीतून चादरी एकमेकींना बांधून एक पोरगा उतरताना दिसतो. चादरी कमी पडल्या आहेत. (कमी पडणारच. गाठीला किती चादर जाते याचा हिशेब प्रेमात पडलेली आणि पळून निघालेली माणसं कधी करत नाहीत. सोलापुरी चादर घेतली तरी तेच.) पोरगा सर रिचर्डच्या अंगावर पडतो, आणि सर रिचर्डला तत्क्षणी कळतं की ही पोरगी आहे. पेन क्रीड, वय सतरा, मोठ्या इस्टेटीची वारस. मावशीबाईंना तिचं लग्न आपल्या माशासारख्या तोंडाच्या मुलाशी लावायचंय, म्हणून पळून निघालेली. सर रिचर्ड शुद्धीवर असता तर तिला परत पोचवता. पण तो शुद्धीवर नाही, म्हणून तो तिचे वेडेवाकडे कापलेले केस नीट करतो, गळपट्टा बांधून देतो आणि दोघं सार्वजनिक घोडागाडीत बसून ब्रिस्टलच्या रस्त्याला लागतात. आत्याचा शेरा : "९/१०. एक गुण प्यायल्याबद्दल वजा."

आता ही पेन मराठीत पडली असती तर? इंग्रजीत पडणाऱ्याला लिंग नसतं. मराठीत ती हवेत असतानाच ओरडली असती, "अगं आई गं, पडले!" आणि कादंबरी पहिल्या प्रकरणात, जमिनीपासून चार फूट वर संपली असती. मराठी वेषांतरितेला प्रत्येक वाक्य म्हणजे परीक्षा. मी जातो की जाते, दमलो की दमले, मी असा आहे की अशी? शंभर वाक्यं बरोबर बोलेल आणि एकशे एकाव्याला, खानावळीत, पोटभर झाल्यावर ढेकर देऊन म्हणेल, "जेवले बाई!"

काविळीत डोक्याला दुसरं काम नव्हतं, म्हणून मी या प्रश्नावर सविस्तर विचार केला. सुटायला काही वाटा आहेत. मराठीतला भूतकाळ सकर्मक असला की क्रियापद कर्माच्या मागे जातं, त्यामुळे 'मी पत्र लिहिलं', 'मी तलवार उपसली', 'मी पोहे खाल्ले' हे सगळं सुरक्षित. म्हणजे मराठी पेन पत्र लिहू शकते पण ते टाकायला 'गेले' म्हणू शकत नाही. पोहे खाऊ शकते, पण जेवू शकत नाही. 'मला भूक लागली', 'मला झोप येतेय', 'मला वाटतं' हेही चालेल. एकूण तिला दिवसभर काहीतरी वाटत राहायला हवं किंवा काहीतरी लागत राहायला हवं. आणि गंमत म्हणजे प्रेमाची कबुली अगदी बिनधोक देता येते. 'मला तू आवडतोस' या वाक्यात बोलणारी बाई आहे की बुवा ते शेवटपर्यंत कळत नाही. कळतं ते फक्त समोरच्याचं.

हा सिद्धांत मी आत्याला ऐकवला. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "आपल्याकडची असली तर काय अडतंय?"

मला क्षणभर समजलं नाही. मग लख्ख प्रकाश पडला. आमच्या कोल्हापूरकडे बायका सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. आत्या दादरला पंचवीस वर्षं राहून 'मी चहा टाकतो'च म्हणायची आणि शेजारच्या बिऱ्हाडातली लहान मुलं खुदुखुदु हसायची. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात जॉर्जेट हेयरची नायिका होण्याची पात्रता असेल तर ती आमच्या भागातल्या मुलींची. खिडकीतून पडली तरी "पडलो की वो!" म्हणून उभी राहील, आणि सर रिचर्ड कितीही शुद्धीवर असला तरी त्याला उजाडेपर्यंत पत्ता लागायचा नाही.

आमच्या नाटकवाल्यांनी हा धोका ओळखला असावा. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ च्या 'सौभद्रा'त वेषांतर आहे, पण अर्जुन यती होतो. पुरुषाचा पुरुषच राहतो, क्रियापदाला धक्का नाही. खाडिलकरांच्या १९११ च्या 'मानापमाना'त भामिनी वनमाला होते. बाईची बाईच. (ती भामिनी बालगंधर्व करत. म्हणजे नारायणराव नावाचा पुरुष भामिनी होई, भामिनी वनमाला होई, आणि समोर बसलेल्या बायका घरी जाऊन नारायणरावांसारखं नेसत. यातलं मूळ कोण आणि नक्कल कोण हे सांगायला आत्याचं बीजगणितही पुरणार नाही.) विराटाच्या घरी अर्जुनाची बृहन्नडा झाली आणि वर्षभर निभावली, त्याचं कारण माझ्या मते शौर्य नव्हे. तिथला कारभार संस्कृतात होता. 'गच्छामि' म्हटलं की कोण निघालं, बाई की बुवा, कुणाच्या बापाला कळत नाही. अत्र्यांनी इंग्रजी 'चार्लीज आंट' ची 'मोरूची मावशी' केली तेव्हा मात्र त्यांच्या हाती एक घबाड लागलं, जे मूळ नाटककाराच्या नशिबात नव्हतं. लुगडं नेसलेला पुरुष नुसता "मी आलो... आले!" असं अडखळला, तरी मराठी प्रेक्षागृहात हशा पिकतो. लंडनच्या नटाला तेवढ्यासाठी चहाची किटली उलटी करावी लागते.

मी आत्याला 'सौभद्र' तपासायला लावलं. ती निर्दय परीक्षक निघाली. "सुभद्रा शून्य. ज्याच्यासाठी झुरते, तो भगवी छाटी घालून घरात येऊन बसलाय, ही त्याची सेवा करतेय, आणि ओळखत नाही! बलराम नापास. चोराला त्यानेच घरात आणून ठेवला."

"आणि कृष्ण?"

"पेपर त्यानेच काढलाय. त्याला कसले गुण?"

पण हेयरच्या पुस्तकांत आणि 'सौभद्रा'त मजा त्याच जागी आहे. आपल्याला ठाऊक आहे, तिला ठाऊक आहे, आणि समोरच्याला ठाऊक आहे की नाही ते आपल्याला ठाऊक नाही. मग दोघं हवापाण्यावर बोलली तरी वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य असतं. वेष पालटलेल्या बाईला रडता येत नाही, मूर्च्छा येऊन चालत नाही. मग तिच्याकडे उरतं काय, तर जीभ. ती चालवावीच लागते. आणि नायक तिच्या रूपावर भाळू शकत नाही, कारण रूप चिखलात, टोपाखाली आणि भावाच्या कोटात गेलंय. त्याला तिचं बोलणं ऐकून घेणं भाग पडतं. एरवी त्या काळच्या सभ्य मुलीला परक्या पुरुषाशी नृत्याच्या दोन फेऱ्यांपुरतं बोलता येई, तेही हवेबद्दल. विजार चढवली की ती खानावळीत बसते, रात्री रस्त्याने जाते, पत्ते खेळते, आणि हे सगळं करताना तिच्याकडे खिसे असतात. आत्याने या शेवटच्या मुद्द्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

सगळंच काही गोड नाही. हेयरच्या जगात बोलबाला सरदारांचा. घोड्यांना नावं असतात, घोडा धरून उभ्या असलेल्या पोऱ्याला नसतं. 'द ग्रँड सोफी' मध्ये एका ज्यू सावकाराचं चित्र आहे, ते तर वाचवत नाही. १९५० सालची कादंबरी. युरोपात ज्यूंचं काय झालं ते जगाला कळून पाच वर्षं झाली होती. आत्याने ती पानं लाल पेन्सिलीने आडवी कापून समासात लिहिलं होतं : "इथे बाईंनी माती खाल्ली." त्या पुस्तकाला गुण नाहीत.

आणि तरीही आत्या दर दिवाळीच्या सुट्टीत कपाट उघडायची. तीच ती पुस्तकं, सगळं पाठ असलेली. हेयरने म्हणे चाहत्यांच्या पत्रांपैकी एकच जपून ठेवलं होतं. ते रुमानियातल्या एका राजकीय कैदी स्त्रीचं होतं, जिने तुरुंगात बारा वर्षं आपल्या सोबतिणींना 'फ्रायडेज चाइल्ड' ही कादंबरी तोंडी सांगून जगवलं. त्या कोठडीत तर सस्पेन्सला काहीच वाव उरला नसणार. मला वाटतं, शेवट काय होतो यासाठी ही पुस्तकं कुणी वाचतच नाही. आपल्याला तो एक क्षण पुन्हा बघायचा असतो, ज्यात इतक्या गर्दीत एकाच माणसाचं नीट लक्ष असतं.

हे मी अनुभवाने बोलतोय. निवृत्त झालो त्या आठवड्यात मी तीस वर्षं सांभाळलेली मिशी काढली. रविवारी सकाळी. न्याहरीला बायको म्हणाली, "उपमा कोरडा झालाय का?" सोमवारी मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं वजन कमी झालंय." मंगळवारी बायकोने बराच वेळ निरखून पाहिलं, माझी छाती धडधडली, आणि ती म्हणाली, "चष्मा बदललात का?" गुरुवारी सोसायटीच्या वॉचमनने मला फाटकाशी अडवलं, कुणाकडे जायचंय विचारलं आणि वहीत सही करायला लावली. जवळच्या माणसांत फरक कुणाच्या लक्षात आला असेल, तर तो या एकट्याच्या. त्याने मला ओळखलं नाही, एवढीच त्यात उणीव होती. मी वहीत 'भेटीचे कारण' या रकान्यात 'राहतो' असं लिहिलं.

आतोबा आधी गेले, मग काही वर्षांनी आत्या. कपाट माझ्याकडे आलं. खाकी कव्हरं हात लावताच तुकडे होऊन पडू लागली होती, म्हणून एका पावसाळ्यात नवी घालायला बसलो. 'भूमिती', पहिला भाग. कव्हर उलगडलं तर आतल्या घडीत रेल्वेच्या छापील फॉर्मच्या पाठीमागे, तिरक्या, बारीक कारकुनी अक्षरात लिहिलेली चिठ्ठी होती. त्या घरात ते अक्षर एकाच माणसाचं होतं.

"ता. ११-३-६१. पृ. १८७ ते १९० सुटली होती. चिकटवली आहेत. पुढच्या वेळी वाचताना पुस्तक फार उलटे दुमडू नये."

आणि त्याखाली, लाल पेन्सिलीने :

"डिंक जास्त झाला. ७/१०."